उपसर्गाचा उपसर्ग

सकाळी सहा वाजता आमच्या घरात हल्ली भूपाळी होते. पूर्वी ती रेडिओवर व्हायची, आता गॅलरीत होते. आमची नात हातात एक जाडजूड पुस्तक धरून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालते आणि घोकते, "अबेट, डिमिनिश, ड्विंडल, सबसाइड, वेन! अबेट, डिमिनिश, ड्विंडल, सबसाइड, वेन!" पहिल्या दिवशी आमची ही पूजेला बसली होती. तिने ते ऐकून डोळे मिटले आणि भक्तिभावाने हात जोडले. तिला वाटले, कुठल्यातरी नव्या स्वामींचे स्तोत्र असेल. डोंबिवलीत स्वामी निघायला वेळ लागत नाही.

"ठमे, याचा अर्थ काय गं?" मी विचारले.

"सगळ्यांचा एकच, आजोबा. कमी होणे."

"मग पाच कशाला पाठ करतेस? एकात भागत नाही का?"

"सर म्हणतात, एका शब्दाच्या कष्टात पाच पदरात पडतात."

हे सर म्हणजे स्टेशनजवळच्या एका चपलांच्या दुकानावरच्या क्लासचे सर. दारावर फलक आहे, 'तीस दिवसांत तीन हजार शब्द!' म्हणजे दिवसाला शंभर. मला मराठी बोलता बोलता सत्तरी उलटली, तरी परवा भाजीवाली एका भाजीला काय म्हणाली ते कळले नाही, आणि ही पोर महिन्याभरात तीन हजार इंग्रजी शब्द गिळणार! आमच्या ठमीला अमेरिकेत शिकायला जायचे आहे. त्यासाठी जी. आर. ई. नावाची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेच्या भीतीवर ही सगळी दुकाने चालतात.

पूर्वी ठमी इंग्रजी कादंबऱ्या वाचायची. उशीखाली एक, जेवणाच्या ताटापाशी एक. जेवताना पुस्तक वाचते म्हणून तिच्या आजीचा आणि तिचा रोज वाद व्हायचा. आता तो वाद बंद झाला आहे. कादंबरी वाचायला वेळच नाही, कारण इंग्रजी शिकायचे आहे.

हे सगळे मी मुकाट्याने ऐकून घेतले असते. निवृत्त माणसाने घरात काय काय मुकाट्याने ऐकायचे असते याची मला पुरती जाणीव आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या घरात एक प्रसंग असा घडला, की आता बोलल्याशिवाय राहवत नाही. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून इंग्रजी येते ही शुद्ध थाप आहे. आणि ग्रीक उपसर्गांचा तक्ता भिंतीला लावला की शब्दांची कुलपे पटापट उघडतात, ही त्याहून मोठी थाप आहे. प्रसंग पुढे सांगतो. आधी माझी पात्रता सांगतो, कारण मी या धंद्याचे जुने गिऱ्हाईक आहे.

१९७४ साली मी एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. मराठी शाळेत शिकलेला, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेला पोरगा. कचेरीत सगळा व्यवहार इंग्रजीत. मी फोर्टातल्या फुटपाथवर पिवळ्या कव्हरची एक चोपडी घेतली. तिच्यात एका शब्दासमोर सहा-सहा शब्द मांडलेले होते. लोकलमध्ये दांडीला लोंबकळत मी ती पाठ केली. तीन महिन्यांत मला वाटू लागले, आता साहेबाच्या खुर्चीत आणि माझ्यात फक्त टेबल तेवढे आहे.

आणि माझी आजी गेली. मला तिनेच वाढवले होते. रजेचा अर्ज लिहायला बसलो. 'डाइड' हा शब्द मला येत होता, तो चोपडीत पहिलाच होता. पण इतक्या साध्या, चार पैशांच्या शब्दात माझ्या आजीची बोळवण करायची हे मनाला पटेना. म्हणून त्याच ओळीतला चांगला वजनदार शब्द निवडला आणि लिहिले, माझी आजी 'पेरिश' झाली.

साहेबांनी बोलावून घेतले. चेहरा गंभीर. म्हणाले, "फार वाईट झालं. बोट बुडाली का?"

"नाही साहेब."

"मग भूकंप?"

"नाही साहेब, वय झालं होतं."

त्यांनी तो शब्द लाल शाईने खोडला, वर 'डाइड' लिहिले आणि सही केली. साहेब सज्जन होते, हसले नाहीत. पण अर्ज टाइप सेक्शनमधून गेला होता आणि तिथे कुणीही सज्जन नव्हते. पुढे कित्येक वर्षे त्या कचेरीत मला 'बोटवाले' म्हणत. ज्या बाईने मला वाढवले तिच्या मरणाचा मीच, माझ्या हाताने, विनोद करून ठेवला होता. का, तर चोपडीत दोन्ही शब्द एका ओळीत शेजारी शेजारी बसले होते.

यात इंग्रजीचा काही दोष नाही हो. आपल्याच भाषेत पाहा. मरणे, वारणे, निवर्तणे, खपणे, गचकणे. अर्थ एकच. आता शेजाऱ्यांकडे भेटायला जा आणि म्हणा, "तुमचे वडील खपल्याचं कळलं, फार वाईट वाटलं." बसायला पाट मिळतो का पाहा. पाणी, जल, नीर, उदक यांचेही तेच. उदक भटजी सोडतात, पाणी महापालिका सोडते. नीर कवितेत वाहते. "नळाला उदक आलं का?" असे आमच्या चाळीत कुणी विचारले असते तर त्याला आधी डोक्यावर थंड पाणी मारून शुद्धीवर आणले असते. हे आपल्याला कुठल्या क्लासने शिकवले? कुणीच नाही. आईने, शेजाऱ्यांनी, भांडणांनी, कीर्तनांनी आणि पत्रांनी शिकवले. शब्द कुणाच्या संगतीत फिरतो ते पाहत पाहत आपण त्याला ओळखू लागलो.

समानार्थी शब्दांच्या बाजूने बोलणारे लोक लगेच रॉजेचे नाव पुढे करतात. पीटर मार्क रॉजे. त्याचा 'थिसॉरस' १८५२ साली लंडनला निघाला. थिसॉरस हाही मूळचा ग्रीक शब्द, अर्थ खजिना. हा माणूस पेशाने डॉक्टर. १८०५ पासून तो आपल्या सोयीसाठी शब्दांची टिपणवही ठेवीत होता आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याने ती वाढवून छापली. (माझ्यासारख्या निवृत्तांना यातून धीर येतो.) त्याने शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या कप्प्यांत लावले. पण का? तर ज्याला सांगायचे काय ते ठाऊक आहे आणि नेमका शब्द जिभेच्या टोकावर येऊन अडला आहे, त्याला तो सापडावा म्हणून. ज्याला त्या शब्दांपैकी एकाचीही ओळख नाही त्याने ती वही पाठ करावी असे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल. लग्नाला जाताना दुसऱ्याच्या कपाटात अंधारात हात घालून कोट काढला, तर तो कधी कधी अंगाला बसतोही. पण बहुतेक वेळा तो बँडवाल्याचा निघतो.

गंमत म्हणजे ज्या परीक्षेच्या नावाने हा सगळा होम पेटला आहे, त्या जी. आर. ई. वाल्यांनीच २०११ सालच्या ऑगस्टपासून आपल्या प्रश्नपत्रिकेतून सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द आणि जोड्यांचे प्रश्न काढून टाकले. आता वाक्य देतात आणि त्यातली रिकामी जागा भरायला सांगतात. काही प्रश्नांत दोन शब्द निवडायचे असतात. पण पर्यायांत अगदी जुळ्या भावांसारखे दोन शब्द मुद्दाम ठेवलेले असू शकतात आणि ते त्या वाक्यात मुळीच बसत नाहीत. म्हणजे यादी पाठ केलेल्या गड्यासाठी सापळाच! इतकी वर्षे झाली. डोंबिवली फास्टने यायला वार्तेला इतका वेळ लागायचे काही कारण नाही, पण चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती अजून चढलेली दिसत नाही.

आता उपसर्गांकडे वळतो. क्लासमध्ये पालकांसाठी एक 'डेमो' होता. ठमीचे आईबाप कामावर, म्हणून पालक या नात्याने मी गेलो. भिंतीवर ग्रीक उपसर्गांचा भला मोठा तक्ता होता. सर सुटाबुटात होते आणि बोलण्यात पटाईत होते. म्हणाले, "डाय म्हणजे दोन. म्हणून दोघांचं बोलणं म्हणजे डायलॉग. मोनो म्हणजे एक, म्हणून मोनोलॉग. पाहिलंत? एकही शब्द पाठ न करता दोन शब्द आले!" पालकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येऊन मोठा कोश उघडला. डायलॉगमध्ये दोन नाहीतच! तिथला उपसर्ग 'डाया' आहे, म्हणजे आरपार, मधून. बोलण्यातून पुढे जाणे तो डायलॉग. दोघे बोलोत, नाहीतर सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे चाळीस जण एकदम बोलोत. मग मला चेवच आला. तक्त्यावर 'पॅरा' म्हणजे बाजूला, असे लिहिले होते. पॅरलल, पॅराग्राफ इथे ते खरे आहे. पण पॅराशूट? तिथला पॅरा ग्रीक नव्हेच. तो लॅटिनच्या घरातून इटालियन-फ्रेंच वाटेने आलेला, अर्थ बचाव करणारा. पॅराशूट म्हणजे पडण्यापासून वाचवणारे, पॅरासोल म्हणजे उन्हापासून वाचवणारी छत्री. तक्त्यावर भरवसा ठेवून विमानातून उडी मारणाऱ्याचे काय होईल ते देव जाणे.

आणि हेलिकॉप्टर! मी समजत होतो, हेली अधिक कॉप्टर. सगळे जग तसेच समजते, म्हणून तर हेलिपॅड आणि हेलिपोर्ट झाले. पण जोड आहे हेलिको आणि प्टर. हेलिक्स म्हणजे मळसूत्र, टेरॉन म्हणजे पंख. मळसूत्री पंखांचे यंत्र. इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी तो शब्द भलत्याच जागी मोडला आणि त्या मोडक्या तुकड्यावर नवे शब्द बांधले. त्यांचे काही अडले नाही, हेलिकॉप्टर उडतेच आहे. ज्यांची भाषा त्यांनाच शब्दाची फोड ठाऊक नाही आणि आमच्या पोरांनी मात्र पैसे भरून ती पाठ करायची.

खरा संताप पुढेच आहे. हा जो ग्रीक माल आम्हाला विकतात तो आमच्या माळ्यावर आधीच पडलेला आहे. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात. पुढे भाषापंडितांनी एकेक दागिना पारखून दाखवला. ग्रीक 'हायपो' म्हणजे आपला 'उप'. उपनगर, उपसंपादक यांतला. 'हायपर' म्हणजे 'उपरि', आणि आपला रोजचा 'वर' हा त्या 'उपरि'चाच वंशज. 'पेरि' म्हणजे 'परि', परिसर, परिघ. 'डिस' म्हणजे 'दुस्', दुष्काळ, दुर्दैव. आणि नकाराचा 'अ' तर जसाच्या तसा. इतकेच काय, इंग्रजीतला डायमंड ज्या ग्रीक 'अदमास'पासून निघाला, त्याचा अर्थ न दमणारा, म्हणजे चक्क आपला 'अदम्य'! (मराठीत अंदाज या अर्थाचा अदमास आहे तो वेगळा, तो आपल्या क्लासच्या सरांचा.) आमच्याच घरातली तांब्याची भांडी ग्रीक कल्हई लावून आम्हालाच, वर जी. एस. टी. लावून, विकली जात आहेत. एखाद्या सरांनी उठून पोरांना सांगावे ना, की बाबांनो, घाबरू नका, यातले अर्धे तुमचेच आहे. पण मग फी कशाची घेणार?

बरे, हे ओळखीचे उपसर्ग तरी अर्थ सांगतात का? उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. या फोडीतून साबुदाण्याची खिचडी कुणी काढून दाखवावी. आहार डॉक्टर सांगतात, विहार आम्ही निवृत्त लोक बागेत करतो, प्रहार आणि संहार यांची नावेच नकोत. आतला 'हार' एकच. अर्थ कळल्यावर फोड पाहिली की मजा वाटते, अगदी खरे. नॉर्मन लुईसचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ पासून लोक आवडीने वाचतात ते उगीच नव्हे. तो मुळे सांगता सांगता वाचणाऱ्याशी गप्पा मारतो, वाक्ये देतो. डॉक्टरांना, शास्त्रज्ञांना तर उपसर्गांवाचून गत्यंतर नाही, कारण त्यांचे शब्दच मुळी जोडून केलेले असतात. पण त्यांना तो शब्द रोज भेटतो, रोग्यासकट भेटतो. आपल्या मराठीत उपसर्गाचा आणखी एक अर्थ आहे, त्रास, बाधा. तक्त्याकडे बघताना मला तोच आधी आठवतो.

आता तो प्रसंग.

गेल्या महिन्यात हिचे थोरले भाऊ आमच्याकडे आले होते. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. सकाळी इन्शुलिन घेऊन निघाले, वाटेत गाडी रखडली, आमच्याकडे पोचेपर्यंत दोन वाजले. पाने मांडायला घेतली एवढ्यात दादा विचित्र बोलू लागले. एरवी देवमाणूस, पण मला म्हणाले, "तुम्ही कोण? माझी चप्पल कुठे लपवलीत?" कपाळावर घाम, हात थरथरत होते. साखर तपासायचे यंत्र त्यांच्या पिशवीत होते, पण त्यातला सेल संपलेला.

ठमीने झटकन आमच्या डॉक्टरांना फोन लावला. पोर हुशार आहे, घाबरट मुळीच नाही. म्हणाली, "डॉक्टरकाका, मामाआजोबांना हायपरग्लायसेमिया झालाय... नाही, हायपो... थांबा हं, हायपर..." आणि ती अडकली. मी तिच्याकडे पाहत होतो. ओठ हलत होते, डोळे मिटलेले होते. ती तक्त्यावरची ओळ शोधत होती. दोन्ही शब्द एका ओळीत, समोरासमोर, जोडीने पाठ केलेले. एकाला हाक मारली की दुसराही धावत येत होता.

पलीकडून डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ते नाव राहू दे गं. अंग ओलं आहे का? शुद्धीवर आहेत? गिळता येतंय?"

तिने उत्तर देईपर्यंत आमची ही स्वयंपाकघरातून आली होती. हातात पाण्याचा पेला, त्यात चार चमचे साखर, आणि चमचा अजून फिरतच होता. "दादाची साखर उतरलीय," ती म्हणाली. "नाव काय विचारताय त्याचं? दादा, घे. एक एक घोट घे." डॉक्टर म्हणाले, "कोण, वहिनी का? बरोबर करतायत. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, बरं वाटत नसलं तर आणखी द्या, आणि मग जेवायला घाला." वीसेक मिनिटांनी दादांनी माझ्याकडे पाहिले आणि ओशाळून विचारले, "मी काही बोललो का हो?"

साखर चढते, साखर उतरते. दोन क्रियापदे, सातवी शिकलेल्या बाईच्या तोंडातली. त्यांची अदलाबदल तिच्याकडून झोपेतसुद्धा होणार नाही, कारण तिने ती भावाच्या घामासकट शिकली आहेत.

रात्री ठमी माझ्या खोलीत आली. डोळे लाल. "आजोबा, मला येत होतं. खरंच येत होतं. पण दोन्ही एकदम आले." मी काय बोलणार? मला माझा तो अर्ज आठवला.

यात तिची चूक नव्हती, हे मी नंतर वाचून काढले. टिंकॅम नावाच्या अभ्यासकाने १९९३ साली आणि वॉरिंगने १९९७ साली प्रयोग करून पाहिले, की एकाच गोतावळ्यातले शब्द एकत्र पाठ करायला दिले तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि एकमेकांशी संबंध नसलेले शब्द त्यापेक्षा लवकर लक्षात राहतात. शब्दशिक्षणातले मोठे जाणकार, न्यूझीलंडचे पॉल नेशन, तेही तेच बजावतात, की नव्या माणसाला समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या एकदम शिकवू नका. म्हणजे 'एका कष्टात पाच' हा हिशेबच उलटा आहे. पाचांचे कष्ट आणि ऐन वेळी एकही नाही!

ही सगळी कागदपत्रे घेऊन मी क्लासच्या पायऱ्या चढलो. सरांनी बसायला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि माझे बोट, भूकंप, साखर, हेलिकॉप्टर सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आजोबा, तुमचा मुद्दा अगदी कोजंट आहे. म्हणजे कन्व्हिन्सिंग, कंपेलिंग, पोटंट."

"मग ठमीचं नाव काढून घेतो. उरलेल्या महिन्यांची फी परत द्या."

सरांनी खणातून पावतीपुस्तक काढले आणि पावतीच्या तळाशी बारीक टाइपात छापलेल्या ओळीवर बोट ठेवले. 'नॉन-रिफंडेबल.' हा उपसर्ग ग्रीक नसून लॅटिन आहे, आणि तो मला तक्त्याशिवाय कळला.

ठमीने मात्र जेवताना कादंबरी वाचायला पुन्हा सुरुवात केली आहे. काल आमटीचा ओघळ पानावर गेला, त्यावरून तिची आणि तिच्या आजीची चांगली जुंपली.